स्लाइसची संथा

माझा चेंडू उजवीकडे पळतो हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. तो का पळतो हे कळायला दोन हिवाळे गेले. आणि ज्यांनी ते मला शिकवलं त्यांनी जन्मात कधी गोल्फची काठी हातात धरली नव्हती. त्यांना लांबचा चेंडू दिसतही नव्हता. ते माझे वडील. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू.

साठ-एकसष्टचा सुमार. मी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि कॅम्पात एका जुन्या बंगल्याचा मागचा भाग भाड्यानं घेऊन राहत होतो. पुढच्या भागात एक निवृत्त इंजिनिअर राहत. सारा जन्म त्यांनी पूल आणि तलाव बांधण्यात घालवला होता आणि आता सगळा जीव गोल्फमध्ये घातला होता. त्यांचा खेळातला जोडीदार बदलीवर गेला आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "प्रोफेसर, तुम्हाला वेग कळतो, कोन कळतो. गोल्फमध्ये याहून जास्त काय असतं?" असं म्हणून त्यांनी कोणा इंग्रज अधिकाऱ्यानं जाताना सोडलेल्या जुन्या काठ्यांची पिशवी माझ्या दारात आणून ठेवली. मलाही मनातून तसंच वाटत होतं. फिजिक्स शिकवणाऱ्याला एक पांढरा चेंडू काय जड जाणार, असा माझा ताठा होता.

इंग्रज गेले तरी त्यांचं नऊ भोकांचं मैदान मागे राहिलं होतं. चित्रात असते तशी हिरवळ तिथे नव्हती. बरड, मुरमाड जमीन; पावसाळ्यात गुडघाभर गवत, आणि दिवाळीनंतर ते पिवळं पडून भुईला चिकटायचं. भोकाभोवती तेल पाजलेली वाळू पसरलेली असे. पहिला फटका मारायला उभं राहिलं की डाव्या हाताला क्लबाची पडवी, तिथे वकीलमंडळी पत्ते खेळत. उजव्या हाताला बाभळीचं कुंपण आणि त्यापलीकडे कोणाचं तरी कपाशीचं शेत. माझा चेंडू सुटायचा झकास. शंभर पावलं नाकासमोर जायचा आणि मग कोणी हाक मारल्यासारखा उजवीकडे वळायचा. मैदानाची राखण करणारा माळी मोर्शीकडचा, पन्नाशीचा माणूस होता. तो कपाळावर हाताचा आडोसा धरून पाहायचा आणि दर वेळी तेच सांगायचा, "गेला पराटीत, सर."

पराटी म्हणजे कपाशी. त्या हिवाळ्यात त्या शेतात बोंडं किती आणि माझे चेंडू किती, हे शेताच्या मालकालाच ठाऊक.

इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं की या रोगाला स्लाइस म्हणतात. काठीचं तोंड चेंडूवर चपखल बसण्याऐवजी तिरकं घासत जातं, चेंडूला गिरकी मिळते आणि हवा त्याला बाजूला ढकलते. हे मी त्यांच्यापेक्षा चांगलं समजावलं असतं, फळ्यावर आकृतीसुद्धा काढली असती. मग मी स्वतःच उपाय शोधला. चेंडू उजवीकडे जातो ना, तर आपण डावीकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे वळून वळून तो बरोबर मधोमध येईल. हिशेब चोख होता. फक्त मी जितका डावीकडे वळलो तितका चेंडू जास्त उजवीकडे पळाला. माझी काठी आता चेंडूला आणखीच आडवी कापत होती. सोय म्हणून केलेल्या गोष्टीनं रोग वाढतो, हे मला तेव्हा फक्त चेंडूच्या बाबतीत कळलं.

पुढे इंजिनिअरसाहेबांच्या पुस्तकातला उपाय आला. डावा हात मुठीत थोडा फिरवून धरा. फिरवला. आता चेंडू डावीकडे गिरकी घेऊन वळू लागला. हा हुक. म्हणून खांदे आवरले, तर तो वळेचना, सुटल्यापासूनच सरळ रेषेत डावीकडे निघाला. हा पुल. असाच एक पुल थेट वकीलमंडळींच्या चहात पडला आणि मी आगीतून फुफाट्यात पडलो. स्लाइस परवडला, निदान पराटी अब्रुनुकसानीची नोटीस देत नाही, असं म्हणून मी पुन्हा जुन्या पद्धतीवर आलो.

मी तापट माणूस. एका संध्याकाळी ओळीनं सहा चेंडू पराटीत गेल्यावर मी काठीच भिरकावून दिली.

"काठी मात्र सीदी गेली, सर," माळी म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्यानं पाहिलं तेच सांगितलं.

पुढच्या श्रावणात अकोल्याला आई गेली.

बाबा अकोल्यात वेदांची संथा देत. संथा म्हणजे तोंडपाठ करून देण्याची रीत: गुरुजींनी एकदा म्हणायचं, समोरच्या मुलांनी दोनदा. जुन्या शहरातल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिकवणं आणि मागच्या खोलीत आईचा संसार. माझ्या लहानपणी तिथे वीस-वीस मुलं बसत. मीही बसलो होतो, अकरा वर्षांचा होईपर्यंत. मग मी इंग्रजी शाळेत गेलो. बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. वर्षं गेली तशी मुलं कमी होत गेली. शेवटी दोघं उरले होते. त्यातला एक एस.टी.त कंडक्टर झाला आणि दुसरा मॅट्रिकला बसायला मामाकडे गेला. त्यानंतर सहा महिन्यांत आई गेली.

मी बाबांना अमरावतीला घेऊन आलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी जाड चष्म्यातून माणसाचा आकार दिसे, चेहरा दिसत नसे. पण मला डोळ्यांची काळजी नव्हती. ते बोलेनासे झाले होते. सकाळी स्नानसंध्या, दुपारी चार घास, मग भिंतीकडे तोंड करून बसणं. रात्रीचं जेवण त्यांनी सोडलंच. आठवड्यातून एकदा म्हणत, "मले अकोल्याले नेऊन घाल." डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं होतं: यांना एकटं ठेवू नका, एकटे राहिले तर उन्हाळा पाहणार नाहीत. मला भीती वाटत होती. आई गेल्याचं दुःख अजून ताजं होतं, आणि त्यात हे.

बाबांनी आपल्यापुरता मुहूर्त ठरवला होता. "तुळशीचं लग्न झालं की मी जातो."

माझी बायको स्पष्टवक्ती. एका संध्याकाळी मी पिशवी खांद्याला लावून निघालो तशी ती दारात आडवी उभी राहिली. "त्या चेंडूमागे दोन दोन तास फिरता. मामंजींना घेऊन जा बरोबर. भिंतीकडे पाहून बसण्यापेक्षा मैदानाकडे पाहून बसतील."

म्हणून मी बाबांना घेऊन गेलो. माळ्यानं कडुनिंबाखाली खुर्ची मांडली. बाबा मावळतीकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे पाठ करून, जपमाळ घेऊन बसले. पाच-सहा दिवस असेच गेले. मी मारायचो, माळी "पराटीत" म्हणायचा, अंधारून आलं की आम्ही टांग्यानं घरी.

सातव्या दिवशी परत येताना टांग्यात बाबा एकाएकी म्हणाले, "तुझा सूं आधी संपते."

मला वाटलं त्यांना बरं नाही. "काय संपतं?"

"तू काठी फिरवते तवा सूं असा आवाज येते. मग टप असा आवाज येते. तो म्हातारा मारते त्याचा सूं चालू असतानाच टप होते, अन् टपनंतरही सूं राहते थोडा. तुझा सूं संपून जाते, अन् मग टप." मग त्यांनी विचारलं, "काहून?"

म्हातारा म्हणजे इंजिनिअरसाहेब; ते बाबांहून दहा वर्षांनी लहान होते. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. बाबांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणाला काही विचारलं होतं.

मी रात्रभर त्या 'काहून'वर, त्या 'का'वर, विचार केला. सकाळी अंगणात काठी उलटी धरली, जाड बाजू मुठीत आणि बारीक बाजू खाली, आणि नुसती हवेत फिरवली. आवाज स्पष्ट येत होता, आणि तो माझ्या उजव्या खांद्याजवळच येत होता. म्हणजे काठीचा सगळा वेग मी वरच खर्चून टाकत होतो. चेंडूपाशी येईपर्यंत ती थकलेली असे आणि मग कशीबशी आडवी ओढत न्यावी लागे. आकृत्या काढताना मी कोनांमागे लागलो होतो. वेग कुठे सर्वांत जास्त आहे, हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. वर्गात दर वर्षी मी तोच प्रश्न मुलांना घालत होतो!

दुसऱ्या दिवशी मी बाबांना चेंडू हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, पुन्हा पुन्हा फिरवला. "याले देवी निघाल्या होत्या काय?" त्यांनी विचारलं. चेंडूवरच्या खळग्यांमुळे तो हवेत जास्त टिकतो असं मी सांगितलं. "गुळगुळीत असता तर?" त्यांनी विचारलं. लवकर पडला असता, मी म्हणालो. "म्हणजे व्रण आहेत म्हणून चालते," असं म्हणून त्यांनी चेंडू परत दिला आणि जपमाळ पिशवीत ठेवली. मैदानावर ती नंतर कधी बाहेर निघाली नाही.

माझी पुन्हा संथा सुरू झाली. बाबांची शिकवण्याची एक पद्धत होती आणि ती त्यांनी गोल्फसाठी तसूभरही बदलली नाही. शिष्य कुठे चुकला हे ते कधी सांगत नसत. एक बोट वर करत आणि म्हणत, "पुन्हा." लहानपणी मला याचा संताप यायचा. आता चाळिशीला आल्यावर मी त्यांना विचारलं, नेमकी चूक सांगत का नाही?

"चूक दाखवली की पोरगा चुकीकडेच पाहते," बाबा म्हणाले. "बरोबर काय ते ऐकवायचं, अन् पुन्हा म्हणायले लावायचं. तुझं तर भलतंच झालं आहे. तू चूक पाठ केली. रोज शंभरदा घोकली. आता तीच तुले बरोबर वाटते."

हे अगदी खरं होतं. दुसरा कोणी असता तर चार दिवस चुकला असता आणि कंटाळला असता. पण मी संथेत वाढलेला. जे हाती येईल ते घोकून घोकून पक्कं करायचं, एवढंच मला ठाऊक. तसाच मी स्लाइसही स्वर-मात्रांसकट मुखोद्गत केला होता.

मग बाबांनी मला आठवडाभर मारूच दिलं नाही. इंजिनिअरसाहेबांनी फटके मारायचे, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. साहेबांना आधी मौज वाटली, नंतर थोडा राग आला, आणि शेवटी ते बाबांना विचारू लागले, "महाराज, आत्ताचा कसा होता?" बाबा म्हणत, "कालच्यापेक्षा हलका." माळी येऊन उभा राहायचा. तोही डोळे मिटून ऐकायचा आणि मग सांगायचा, "म्हाराज, मले तं सारे एकसारखेच वाटून राह्यले."

तुळशीचं लग्न झालं. बाबा अकोल्याचं नाव काढेनात. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाले, "याचं अर्धवट आहे. संक्रांतीनंतर पाहू." ते रात्री एक भाकरी खाऊ लागले. जेवताना बोलू लागले. काठी लांब असली तर सूं बदलतो का, थंडीत चेंडूचा आवाज कोरडा का येतो, साहेब खोकला असताना वाईट का मारतात. त्यांच्या प्रश्नांना अंत नव्हता. काहींची उत्तरं मला येत नव्हती आणि मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन शोधत होतो. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. माझा चेंडू मात्र पराटीतच जात होता, थोडा कमी, पण जात होता.

संक्रांत होऊन गेली. एका रविवारी सकाळी बाबा पूजेत असताना मी एकटाच मैदानावर गेलो. दहा-बारा चेंडू मारले असतील. तेराव्याला हात आपोआप मागे राहिले, काठी मोकळी खाली आली, आणि सूं चालू असतानाच टप झालं. मी वर पाहिलं नाही. पाहायची गरजच वाटली नाही. पाहिलं तेव्हा चेंडू मैदानाच्या मधोमध पडून पुढे घरंगळत होता. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. मी एकटाच हसलो, नंतर आईची आठवण येऊन डोळे भरले, आणि मग एकदम ध्यानात आलं.

बाबांना हे सांगितलं की झालं. त्यांचं अर्धवट काम पुरं झालं. दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला निघणार, त्या दोन खोल्यांत, भिंतीकडे तोंड करून बसायला. डॉक्टरांचे शब्द मला आठवत होते.

मी कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. संध्याकाळी मैदानावर गेलो आणि चुकायचं ठरवलं. पण एकदा बरोबर जमल्यावर मुद्दाम स्लाइस मारणं काही केल्या जमेना. काठी वाकडी केली की हुक निघे. शेवटी मी सोपी युक्ती काढली. फटका बरोबरच मारायचा, फक्त उभं राहताना तोंडच कुंपणाकडे करायचं. चेंडू सरळ गेला आणि सरळ पराटीत पडला.

बाबांनी फटका ऐकला आणि मान डोलावली. मग माळी ओरडला, "पराटीत, म्हाराज!"

बाबांची मान थांबली. बोट वर गेलं. "पुन्हा."

पुन्हा तेच. पुन्हा तेच. माळी माझ्या उभं राहण्याकडे पाहत होता, पण सर मंडळी काहीही करू शकतात, असं समजून तो गप्प बसला असावा. इंजिनिअरसाहेब त्या दिवसांत मुलीकडे नागपूरला गेले होते. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. होळीपर्यंत तरी बाबा कुठे जात नाहीत, मग उन्हाळा, मग पाहू.

अकरा दिवस असे गेले. त्या अकरा दिवसांत बाबांचे प्रश्न हळूहळू थांबले. मी म्हटलं, थंडी वाढली आहे. रात्रीची भाकरी अर्धी झाली. मी म्हटलं, वय झालं. बाराव्या दिवशी दुपारी कॉलेजातून आलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात माझी वाट पाहत होती.

"मामंजी आज दुपारभर मला पातेली वाजवायला लावत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "आधी ओट्याजवळून, मग अंगणातून, मग फाटकापासून. तांब्याचं कोणतं, पितळेचं कोणतं, ओळखून पाहत होते. सगळी बरोबर ओळखली. तरी त्यांना पटेना. तुम्ही काही केलं आहे का?"

मी तसाच आत गेलो. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"शनिवारच्या गाडीत मले बसवून दे," ते म्हणाले. "डोळे गेले तवा मले वाईट नाही वाटलं. साठ वर्षं मी कानानं जगलो. आता बरोबरचं चूक अन् चुकीचं बरोबर ऐकू येऊन राहिलं. अशा माणसानं कोणाले काय शिकवावं? आतापर्यंत किती पोरांले मी चुकीचं शिकवलं असेल, देव जाणे."

मला अशी लाज जन्मात कधी वाटली नाही. त्यांना जगवण्यासाठी म्हणून मी खटाटोप केला होता, आणि त्यांच्याजवळ जे एकच उरलं होतं तेच काढून घेतलं होतं. तिथेच पायाशी बसून सांगून टाकावं असं वाटलं, पण नुसत्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नसता. बापाला बरं वाटावं म्हणून मुलगा बोलतो, असंच ते समजले असते. मी म्हणालो, "बाबा, आज एकदा मैदानावर चला." ते नको म्हणाले. बायकोनं त्यांची टोपी आणून हातात दिली.

कडुनिंबाखाली ते बसले. मी माळ्याला जवळ बोलावलं आणि त्याच्यासमोर सांगितलं. चेंडू मला जमला आहे. अकरा दिवसांपूर्वीच जमला. तुम्ही अकोल्याला जाऊ नये म्हणून मी तोंड फिरवून मारत होतो. तुमच्या कानानं जे ऐकलं ते सगळं बरोबर होतं.

बाबांनी माळ्याला विचारलं, "हा खरं बोलते काय?"

"मले तं दिसत होतं, म्हाराज," माळी म्हणाला. "सर कुंपणाकडे तोंड करून उभे राहत. मले वाटलं तुमीच तसं शिकवलं. आमी कायले मंधात बोलावं?"

"साठ वर्षांत चुकणारे लई पाहिले," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. "मुद्दाम चुकणारा एकही नाही. तो माझ्याच पोटी निघाला." मग त्यांनी खुर्ची फटक्याकडे पाठ येईल अशी फिरवायला सांगितली. "मार आता. तुले वाटते तसं मार. एक बरोबर मार, एक चूक मार, काय मारते ते सांगू नको."

मी बारा चेंडू मारले. लाजेनं माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं, त्यामुळे मुद्दाम चुकायची गरज फारशी पडली नाही. बाबा दर फटक्याला नुसतं 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणत आणि माळी चेंडू पाहून होकार देई. नववा फटका बाबांनी बरोबर म्हटला आणि माळी ओरडला, "नाई, म्हाराज, डाव्या अंगाला गेला." बाबांचा चेहरा उतरला. माळी तरातरा चालत गेला, खाली वाकला आणि तिथूनच ओरडला, "गोट्यावर आपटून फिरला, म्हाराज! तुमचं बरोबर हाये! चेंडूनंच बदमाशी केली!" बाबा हसले. मोठ्यानं, खांदे हलवत हसले. आई गेल्यानंतर ते मी पहिल्यांदा ऐकत होतो.

त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर ठेचा मागून घेतला. मी बायकोकडे पाहिलं. संकट टळलं, असं दोघांनाही वाटलं.

सकाळी उठून पाहतो तर बाबांची वळकटी बांधलेली.

"आता काय झालं?" मी रागावूनच विचारलं.

"काही नाही झालं. कान शाबूत आहे माझा. मग मी इथे बसून काय करून राहिलो?" ते शांतपणे म्हणाले. "तुझं झालं आता. ज्याचं झालं त्याले संथेत बसवून ठेवत नसतात. अकोल्यात शोधली तर चार पोरं मिळतील. मी शोधलीच नव्हती."

मी डॉक्टरांचं सांगितलं. ओरडलोही. बायकोनं मला थांबवलं. शनिवारी बडनेऱ्याला गाडी बदलून मी त्यांना अकोल्याला पोचवलं. दोन्ही खोल्या झाडल्या, पाणी भरलं, शेजारच्या काकूंना जेवणाचं सांगितलं. निघताना मी दारातच विचारलं, "बाबा, एकटं वाटलं तर?"

"वाटलं तर पत्र टाकीन," ते म्हणाले. "मी खरं तेच लिहीन. तूही मले बरं वाटावं म्हणून काही करत जाऊ नको. तुझ्यामुळे अकरा दिवस मी माझ्या कानाले शिव्या दिल्या."

त्यांना पाच मुलं मिळाली, पुढे सात झाली. बाबांनी तो उन्हाळा पाहिला, त्याच्या पुढचाही पाहिला. मी महिन्यातून एकदा जात असे. कसे आहात असं विचारलं की ते खरं काय ते सांगत, गुडघा दुखतो तर दुखतो, आणि मीही माझं खरं सांगायला शिकलो, अगदी त्यांना न आवडणारंही. पत्र मात्र पहिली दोन वर्षं आलं नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात, आईच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी, एक कार्ड आलं. अक्षर कोणा शिष्याचं होतं आणि मजकूर दोन ओळींचा: 'आज एकटं वाटून राहिलं आहे. येशील काय.' मी कॉलेजात रजेचा अर्जसुद्धा न देता तसाच स्टेशनवर गेलो.